फुटाला काय भाव?

गेल्या माघात मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या शेडवर आल्या. मुलाची नोकरी बेंगळुरूच्या विमानतळावर, म्हणून त्यांनी इथं देवनहळ्ळीतच घर बांधायला काढलं होतं. पिशवीतून त्यांनी वहीचा एक कागद काढला आणि माझ्या रंध्याच्या बाकावर पसरला. तीन वखारींचे भाव, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक. तिन्हींपुढे एकच शब्द, सागवान. दुसरा भाव पहिल्याच्या पावणेदोन पट आणि तिसरा जवळजवळ तिप्पट.

"मेस्त्री, तिघांतला खरा कोण?"

मी म्हणालो, "बाई, तिघंही खरे असतील. त्यांनी तुम्हाला तीन वेगवेगळ्या वस्तूंचे भाव सांगितलेत."

माझं गाव हल्याळ तालुक्यात. वडील सुतार, आजोबा सुतार. हल्याळ आणि दांडेलीच्या सरकारी डेपोत लिलाव असला की वडील मला सोबत न्यायचे. ओंडक्यांच्या रांगांतून आम्ही चालत जायचो. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर आकडे ठोकलेले असत. वडील खाली बसून त्या तोंडावर पाण्याचा हात फिरवायचे. ओलं झालं की गाभा आणि कडेचा पांढरा भाग वेगळा दिसतो, मधली पोकळी आणि चिरा दिसतात. विमानतळाचं काम चालू होतं तेव्हा मी इथं आलो. २००८च्या मे महिन्यात पहिलं विमान उडालं आणि मी इथंच राहिलो. इथली माणसं सागाला तेग म्हणतात, बिबल्याला होन्ने, ऐनाला मत्ती, शिसवीला बीटे. नावं बदलली तरी ग्राहकाचा पहिला प्रश्न हल्याळात होता तोच इथंही आहे. फुटाला काय भाव? फूट म्हणजे इथं घनफूट. या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण लाकडाचा भाव त्याच्या जातीइतकाच ते कुठल्या पायरीवर उभं आहे त्यावर ठरतो. गोल ओंडका, चिरलेली साईज म्हणजे ठरावीक मापात कापलेलं लाकूड, सीझन केलेली म्हणजे वाळवलेली साईज, रंधा मारलेली साईज, तयार चौकट. झाड एकच असतं, भाव मात्र पाच.

बाईंना मी पाठकोऱ्या कागदावर हिशोब करून दाखवला, तो इथंही देतो. आकडा सोपा जावा म्हणून गोल लाकूड फुटाला १००० रुपये धरू. हा बाजारभाव नव्हे, नुसतं उदाहरण. ओंडका १० फूट लांब, मध्यावर घेर ४ फूट. वखारीत मोजायची रीत अशी की घेराला चारानं भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. म्हणजे १ गुणिले १ गुणिले १०, झाले १० फूट. किंमत १०,००० रुपये. ही रीत हॉपस नावाच्या इंग्रज माणसाची. त्याची कोष्टकं १७३६ साली छापली गेली आणि आपल्याकडची गोल लाकडाची बाजारपेठ अजून त्याच मापावर चालते. शाळेत शिकलेल्या सूत्रानं काढलं तर त्या ओंडक्यात खरं लाकूड १२.७३ घनफूट भरतं. वरचे पावणेतीन फूट करवतीत जाणार हे आधीच धरून त्यानं माप बसवलं होतं. म्हणून गोल लाकडाचा फूट आणि चिरलेल्या लाकडाचा फूट हे दोन फूट सारखे नाहीत. बाईंच्या कागदावरचा पहिला भाव गोल मापाचा होता आणि बाई त्याची तुलना चिरलेल्या साईजच्या भावाशी करत होत्या. सर्वांत जास्त माणसं इथंच फसतात, आणि त्यात कुणी फसवलेलंही नसतं.

आता ओंडका करवतीला लावू. साल जाते. गोलाचा चौकोन करताना चारी बाजूंच्या कमानी जातात. सागाचा कडेचा पांढरा भाग भुंग्याला आवडतो, तो टिकाऊ कामाला चालत नाही, म्हणून तोही काढावा लागतो. शिवाय करवत स्वतः लाकूड खाते. एक फूट जाडीच्या ठोकळ्यातून एकेक इंची फळ्या काढायच्या असतील आणि गोल करवतीचं पातं पाच मिलिमीटर वाट खात असेल तर दहा फळ्या निघतात. पट्टा करवत दोनच मिलिमीटर खाते, तिच्यावर अकरा निघतात. कुठल्या गिरणीवर चिरलं यावर एक अख्खी फळी अवलंबून असते. आपल्याकडच्या मध्यम घेराच्या सागातून चांगली साईज निम्म्याच्या आसपास निघाली तर ठीक समजायचं. १२.७३ मधून साडेसहा फूट धरू. म्हणजे १०,००० रुपयांचे साडेसहा फूट झाले, फुटाला १५४० रुपये. यात गिरणीची मजुरी, हमाली, गाडीभाडं, कर, मालकाचा नफा यांतलं काहीच धरलेलं नाही. लाकूड कमी झालं, म्हणून भाव वाढला.

जाड ओंडक्याचा फुटाचा भाव पातळ ओंडक्यापेक्षा जास्त का, हेही यातच आलं. जाड ओंडक्यात गाभा जास्त, वाया जाणारं कमी, आणि रुंद फळी फक्त त्यातूनच मिळते. डेपोत म्हणूनच घेराप्रमाणे आणि लांबीप्रमाणे वेगवेगळ्या थप्प्या लावतात. मालाच्या नावात मात्र मुलूख येतो. बेंगळुरूच्या वखारींत आजही 'सीपी टीक' म्हणून माल विकतात. सीपी म्हणजे इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत. तो प्रांत जाऊन इतकी वर्षं झाली, पण आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरच्या सागाचं नाव इथल्या कानडी आणि कच्छी पटेल दुकानदारांच्या तोंडी अजून तेच आहे. बल्लारपूरच्या डेपोतून २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराला लाकूड गेलं तेव्हा मी ते अभिमानानं सगळ्यांना सांगत होतो.

यापुढची पायरी वाळवण्याची. इथं मी जरा थांबणार आहे, कारण माझं सर्वांत मोठं नुकसान याच पायरीवर झालं.

ताज्या लाकडात पाणी किती असतं हे लोकांना खरं वाटत नाही. लाकडाचा एक तुकडा तोलायचा, मग भट्टीत १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवायचा, पुन्हा तोलायचा. जितकं वजन कमी झालं त्याला कोरड्या वजनानं भागायचं, ती ओलीची टक्केवारी. काही जातींच्या ताज्या लाकडात ती शंभराच्या वर जाते, म्हणजे लाकडापेक्षा पाणीच जास्त. सुरुवातीला पोकळीतलं मोकळं पाणी जातं, तेव्हा लाकूड नुसतं हलकं होतं. ओल पंचवीस-तीस टक्क्यांवर आली की तंतूंमधलं पाणी जायला लागतं आणि तिथून लाकूड आकसतं. तेही सगळीकडून सारखं नाही. वर्तुळांच्या रेषेत जास्त, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मं आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून फळी पीळ घेते, वाटीसारखी वाकते, टोकाला फुटते. साग यात सर्वांत शहाणा, तरी त्याचीही दहा इंची ओली फळी वाळेपर्यंत पाव इंच सहज कमी होते. निलगिरीचं तर विचारूच नका.

२०११ साली मी एका घराची दारं केली. व्यापाऱ्यानं "सीझन केलेलं आहे" असं तोंडी सांगितलं आणि मी तेवढ्यावर माल उचलला. मीटर तेव्हा माझ्याकडे नव्हता. ऑगस्टमध्ये झडपा बसवल्या, बोट घसरावं अशा बसल्या. देवनहळ्ळी जवळपास नऊशे मीटर उंचीवर आहे. इथली फेब्रुवारी-मार्चची हवा कोकणातल्या किंवा आमच्या हल्याळातल्या हवेपेक्षा फार कोरडी. मार्चमध्ये मालकांचा फोन आला. जाऊन पाहिलं तर दिलहे, म्हणजे दारातल्या मधल्या फळ्या, आकसून चौकटीच्या खाचेतून बाहेर आले होते आणि पॉलिश न लागलेली कोऱ्या लाकडाची एक पांढरी रेघ प्रत्येक दिलह्याच्या कडेला दिसत होती. मुख्य दारातून बाहेरचा उजेड दिसत होता. चार दारं मी पदरच्या पैशानं बदलून दिली. त्या वर्षी माझ्या हातात काही उरलं नाही. तेव्हा घेतलेला ओल मोजायचा मीटर आजही माझ्या खिशात असतो. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा दिसतो. इथल्या दारांना दहा ते बारा हवा. सतरा-अठरा दिसला तर मी तो माल उतरवूनही घेत नाही.

वाळवायच्या दोन रीती आहेत. पहिली आजोबांची. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावायची, टोकांना रंग किंवा मेण फासायचं आणि वाट बघायची. इंचाला एक वर्ष, असा जुना अंदाज. दुसरी रीत भट्टीची. तिथं उष्णता, वाफ आणि वारा मोजून देतात आणि इंची फळी एक-दोन आठवड्यांत तयार होते. भट्टीवाला सरपणाचे, विजेचे, यंत्राचे पैसे लावतो. सावलीत वाळवणारा वर्षभर अडकलेल्या भांडवलाचं व्याज लावतो. दोन्हींत काही फळ्या फुटतात, काही वाकतात, त्या बाजूला काढाव्या लागतात. साडेसहाचे सहा फूट उरले असं धरा. त्याच १०,००० रुपयांचा भाव आता फुटाला १६६७ झाला, भट्टीचा खर्च वेगळा.

मग रंधा. चार बाय तीन इंचाची साईज चारी बाजूंनी फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तासली की ती पावणेचार बाय पावणेतीन होते. ऐकायला काहीच नाही. पण बाराच्या जागी सव्वादहा चौरस इंच उरले, म्हणजे सातवा हिस्सा भुश्यात गेला. सहा फुटांचे साधारण सव्वापाच फूट झाले. १०,००० भागिले सव्वापाच, फुटाला १९०० रुपये. सुतारानं अजून एक खाच पाडलेली नाही, कुणाची मजुरी धरलेली नाही, आणि नुसतं लाकूड दुपटीला आलं. त्यावर गिरणी, भट्टी, गाडी, मजुरी आणि नफा चढवा, म्हणजे बाईंच्या कागदावरचा तिप्पट आकडा कुठून आला ते कळेल.

सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद, चार बाय तीनची चारी बाजूंची चौकट करायला २१ फूट लांबीची साईज लागते, म्हणजे पावणेदोन घनफूट. ही संख्या लक्षात ठेवा. पाच बाय तीन घेतली तर सव्वादोनच्या किंचित खाली. कुणी तुमच्या एका चौकटीला तीन फूट लावले असतील तर टेप घेऊन उभे राहा. आणि रंधा मारलेल्या साईजचं बिल बहुतेक ठिकाणी रंध्याआधीच्या मापानं होतं, हेही आधीच विचारून घ्या. तो बाजाराचा रिवाज आहे, पण तो माहीत असायला हवा.

वाया गेलं म्हणतो ते खरं तर कुणाच्या तरी कामाला येतं. सालीच्या कमानी, तुकडे आणि भुसा सरपणात जातो. देवनहळ्ळी तालुक्यातल्या विजयपुरात आणि शेजारच्या शिडलघट्ट्यात रेशमाचे कोष उकळून धागा काढतात, त्या चुलींना असलं लाकूड लागतं. पण त्याचा भाव वजनावर होतो आणि तो सागाचा आहे की निलगिरीचा हे तिथं कुणी बघत नाही.

उलट टोकाला व्हिनिअर आहे. तिथं करवत नसते, धारदार पातं लाकूड कापडासारखं सोलतं. अर्ध्या मिलिमीटरची चादर धरली तर एका घनफूट ठोकळ्यातून हिशोबानं सहाशे चौरस फूट निघतात. एवढा पसारा करवतीनं काढलेल्या दहा-अकरा फळ्यांतून कधीच होत नाही. म्हणून सर्वांत देखणे, सर्वांत महाग ओंडके व्हिनिअरवाले उचलतात. त्यांना फुटाला जास्त मोजणं परवडतं. प्लायवूडमध्ये भाव लाकडापेक्षा डिंकाचा आणि दाबाचा. आय.एस. ७१० म्हणजे मरीन प्लायच्या नमुन्याला ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते, त्याची किंमत तुम्ही देता.

विमानतळाजवळ राहिल्यानं मला आणखी एक पायरी कळली. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांना आंतरराष्ट्रीय नियम आहे, लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवायचा, म्हणजे आतली कीड मरते. मग त्यावर गव्हाच्या लोंबीसारखा शिक्का उठतो. शिक्का नसलेली फळी आणि शिक्का असलेली फळी शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक दिसत नाही, भावात दिसतो. मात्र तापवलेलं म्हणजे वाळवलेलं नव्हे. असली शिक्क्याची फळी "ट्रीटमेंट केलेली" म्हणून घरकामाला खपवणारे भेटतात, तेव्हा मीटर लावा. त्याच विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचं उद्घाटन नोव्हेंबर २०२२ मध्ये झालं. तिथं मान वर करून बघा, छताला आणि खांबांना बांबू आहे. आपल्याकडे नगावर विकला जाणारा बांबू चिरून, प्रक्रिया करून, चिकटवून तिथं चढला आहे.

आणि याच विमानतळाच्या कुंपणापलीकडे शेतकरी निलगिरी टनावर विकतो.

नंदीच्या डोंगरावर निलगिरी पहिल्यांदा टिपू सुलताननं १७९० च्या सुमारास लावली असं सांगतात. टिपूचा जन्म आमच्या देवनहळ्ळीचाच. नंतर या कोरड्या पट्ट्यात निलगिरी इतकी पसरली की भूजलाच्या काळजीनं कर्नाटक सरकारनं २०१७ साली नवीन लागवडीवर बंदी घातली. पण आधीची झाडं उभी आहेत, बांधावर सिल्वर ओक आहे, अधूनमधून सागही आहे. ठेकेदार येतो, अख्खा तुकडा उभ्याउभ्या ठरवतो, तोडतो, वजन करून नेतो. एका झाडाचा बुंध्याकडचा जाड भाग सोलून प्लायला जाऊ शकतो, मधला खोक्यांच्या फळ्यांना, वरचा बांधकामाच्या टेकूंना आणि शेंडा सरपणाला. टनावर विकलं की चारही भाग सरपणाच्या जवळपासच्या भावानं जातात. वर्गवारी मग ठेकेदार करतो आणि तिचे पैसेही त्यालाच मिळतात. दहा-बारा वर्षं झाड सांभाळणाऱ्याच्या हातात सर्वांत खालच्या पायरीचे पैसे यावेत, याचा मला मनापासून राग येतो.

कच्चा माल विकला की खालच्या पायरीचेच पैसे मिळतात, हे देशांनाही कळायला वेळ लागला. आफ्रिकेतल्या गॅबॉननं २०१० मध्ये अखंड ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. तिथल्या ओकूमे लाकडाची चादर आपल्याकडच्या प्लायवूडवर चढते. ती सोलण्याचे कारखाने मग गॅबॉनमध्येच उभे राहिले, त्यांत भारतीय कंपन्याही आहेत. म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. त्यानंतर बर्मा सागाच्या नावानं इथं काय काय विकलं जातं हे मी रोज बघतो. शंका असेल तर बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये काष्ठ विज्ञान संस्था आहे, तिथं तुकडा दिला तर जात ओळखून सांगतात. मोठी खरेदी करणाऱ्यानं तेवढी तसदी घ्यावी.

बाईंनी शेवटी काय केलं ते सांगतो. घराला वर्षभर तरी लागणार होतं. चौकटी भिंतीबरोबर बसतात, त्या लगेच लागतात. झडपा मात्र गिलावा, फरशी झाल्यावर, सर्वांत शेवटी. मी म्हटलं, "बाई, चौकटींना भट्टीचा माल घ्या. झडपांच्या फळ्या नुसत्या चिरलेल्या घ्या, आजच घ्या, आणि वर्षभर माझ्याकडे सावलीत ठेवा. वाळवायचे पैसे वाचतील." त्या माझ्याबरोबर वखारीत आल्या, पाण्याचा हात फिरवून प्रत्येक फळीची पांढरी कड त्यांनी स्वतः पाहिली आणि चार फळ्या परत केल्या.

चौकटी उभ्या राहिल्या. मीटरवर अकरा आला. झडपांच्या फळ्या माझ्या शेडच्या उत्तरेच्या भिंतीला पट्ट्या घालून थप्पीत आहेत. आणल्या त्या दिवशी २६ होत्या, काल मोजल्या तेव्हा १६. वरच्या फळीवर बाईंनी खडूनं तारीख लिहिली आहे. बारा दिसेपर्यंत मी त्यांना रंधा लावणार नाही.